डागडुजी

मिरग जवळ आला की आमच्या बार्शी-परंडा-भूम पट्ट्यात माणसं माळवदावर चढायची. घरोघरी स्लॅब पडले नव्हते तेव्हाची गोष्ट. वर्षभरात उंदरांनी केलेली बिळं बुजवायची, पन्हाळीपाशी पडलेली घळ भरायची, पांढरी चोपण माती पसरून पाणी शिंपडायचं आणि बडवून बडवून ती बसवायची. हे दर साली. आजोबा पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, घर शंभर वर्षांचं आहे. ते खरंही होतं. फक्त वरची माती कुठलीच शंभर वर्षांची नव्हती.

हे माळवद मला आठवतं ते भलत्याच निमित्ताने. अंटार्क्टिकाच्या बर्फात, ध्रुवीय समुद्राच्या गाळात, नाहीतर आभाळात खूप उंचावर एखादा जिवाणू सापडतो आणि बातमीत हमखास लिहिलेलं असतं, की हा अतिनील किरणांना दाद देत नाही. जणू तो कवच घालून बसला आहे आणि किरण त्याच्यावर आपटून परत जातात. आपल्याला टणकपणाचं भारी कौतुक. काटक माणूस, चिवट बियाणं, न वाकणारा पुढारी. पण या जिवाणूंची खरी हकिकत वेगळी आहे. किरण त्यांना लागतात, चांगलेच लागतात. रंगद्रव्यं थोडा आडोसा करतात, तरी उरलेला मार बसतोच. ते जगतात ते मोडलेलं पुन्हा जुळवतात म्हणून. आणि हे जुळवणं कसं चालतं, किती महाग पडतं, कुठे चालतं आणि कुठे नाही, हे पाहिलं की बार्शीतल्या काही गोष्टींकडेही निराळ्या नजरेने पाहता येतं. माझा युक्तिवाद एवढाच आहे की दुरुस्ती ही जागेवरची गोष्ट असते. एका जागची उचलून दुसऱ्या जागी लावता येईलच असं नाही, आणि लागू पडते की नाही हे त्या जागी तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही, शहाण्यांनासुद्धा.

आधी मोडतं काय ते पाहू. बार्शी साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस शाळेतली पोरं अंगणात काठी रोवून पाहतात. त्या उन्हातला अतिनील किरणांचा बराचसा भाग वरच्या ओझोनने अडवलेला असतो, पण निसटून आलेला भाग पेशीतल्या डीएनएपर्यंत पोचतो. डीएनएच्या शिडीत थायमिन नावाची दोन अक्षरं शेजारी शेजारी आली, की किरणाच्या धक्क्याने ती समोरच्या जोडीदारांशी असलेलं नातं सैल करून एकमेकांनाच चिकटतात. वहीची दोन पानं डिंकाने चिकटावीत तसं. मग पेशी विभागताना नक्कल करणारी यंत्रणा तिथे अडखळते किंवा चुकीचं अक्षर लिहून पुढे जाते. उघड्या कातडीच्या एका पेशीत उन्हाच्या एका दिवसात असे एक लाखापर्यंत घाव होऊ शकतात असा अंदाज आहे. एका पेशीत! म्हणजे तुरीच्या शेतात खुरपणाऱ्या बाईच्या हाताच्या कातडीत संध्याकाळपर्यंत किती मोडतोड झालेली असेल याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. हिशेब मांडावा तर तो सकाळपर्यंत किती निस्तरलं याचा.

निस्तरण्याची ही यंत्रणा सापडली ती खिडकीमुळे. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला आल्बर्ट केल्नर नावाचा संशोधक स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूवर काम करत होता. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचं औषध देणारा हाच तो. अतिनील दिव्याखाली त्याची बीजुकं मारायची आणि किती वाचतात ते मोजायचं, असा साधा प्रयोग. पण आकडे जुळेनात. कधी मूठभर वाचायची, कधी बेसुमार. केल्नरला वाटलं, तापमानाचा खेळ असणार. तापमान काटेकोर ठेवलं तरी गोंधळ तसाच. शेवटी त्याचं लक्ष गेलं की काही भांडी उजेडात असतात, काही नसतात. मुद्दाम उजेड दाखवून पाहिलं तर मेलेल्यात जमा झालेली बीजुकं अंधारातल्यांपेक्षा लाखो पटींनी जास्त वाचत होती. हे प्रसिद्ध झालं १९४९ मध्ये. त्याच सुमारास इंडियानात रेनातो दुल्बेक्कोला जिवाणू खाणाऱ्या विषाणूंमध्ये तोच प्रकार दिसला. प्रकाशानेच मारायचं आणि प्रकाशानेच उठवायचं, फक्त रंग वेगळा: मारणारा अतिनील, उठवणारा निळा. १९५८ मध्ये क्लॉड रूपर्टने दाखवलं की हे काम एक एन्झाइम करतं. पाठ्यपुस्तकातलं विकर. त्याचं नाव फोटोलायेज.

या फोटोलायेजची कामाची रीत मला फार आवडते. ई. कोलायसारख्या जिवाणूच्या एका पेशीत याचे रेणू असतात फार तर दहा-वीस. एवढ्या मोठ्या डीएनएच्या गावात दहा-वीस गवंडी. अंधारातही ते फिरून घाव शोधतात आणि त्याला धरून बसतात. पण दुरुस्ती करत नाहीत, उजेडाची वाट पाहतात. निळ्या प्रकाशाचा एक कण आला की एन्झाइमच्या पोटातलं फ्लॅविन, म्हणजे बी-दोन जीवनसत्त्वाच्या घराण्यातला रेणू, एक इलेक्ट्रॉन उसना देतं. त्या इलेक्ट्रॉनने चिकटलेली दोन अक्षरं सुटतात आणि इलेक्ट्रॉन परत फ्लॅविनकडे येतो. सगळा व्यवहार सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास उरकतो. उसनं फिटलं, गवंडी दुसऱ्या घावाला मोकळा. पेशीच्या तिजोरीतून दमडी खर्च नाही. मजुरी सूर्याने दिली.

आता हेच थंडीत नेऊन पाहा. तापमान दहा अंशांनी उतरलं की बहुतेक रासायनिक क्रिया निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्श्याच्या वेगाने चालतात. आपल्या अंगाच्या ३७ अंशांवरून बर्फाच्या पाण्यापर्यंत उतरलं तर दुरुस्तीचं काम कित्येक पटींनी मंदावणार. पण अतिनील किरणाला थंडी वाजत नाही. त्याचा घाव शून्य अंशालाही तेवढ्याच वेगाने बसतो. ध्रुवीय उन्हाळ्यात तर सूर्य मावळतच नाही. त्यातच १९८५ मध्ये जो फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनला पडलेलं भोक जगापुढे ठेवलं. म्हणजे घाव भराभर, गवंडी गारठलेले, आणि छपरालाही भोक. अशा जागी तगायचं तर दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, मजुरी प्रकाशाने देणारं फोटोलायेज असणं, कारण प्रकाशाचा कण आल्यावरचा इलेक्ट्रॉनचा व्यवहार थंडीने फारसा अडत नाही. अडतं ते घाव शोधणं, धरणं, सोडणं. आणि दुसरी, हे शोधणं-सोडणं सोपं व्हावं म्हणून एन्झाइमचे सांधे सैल असणं.

थंडीतल्या एन्झाइमांची घडण तपासली की हे सैलपण पुन्हा पुन्हा दिसतं: साखळी ताठ करणारं प्रोलीन कमी, घडी आवळून धरणारे विद्युतभारांचे टाके कमी. रसायनाचा गाभा मात्र तोच. आर्क्टिकच्या गाळातून वेगळा केलेला कोल्वेलिया सायक्रेरिथ्रिया हा जिवाणू (कोल्वेलिया हे नाव कॉलऱ्याच्या जिवाणूवर आयुष्य घालवलेल्या रिटा कोल्वेल यांच्यावरून) सगळ्यात सुखात वाढतो तो ८ अंशांच्या आसपास, म्हणजे फ्रिजच्या आतल्या थंडीत. याच्या फोटोलायेजचा अभ्यास झाला आहे. पण सैल सांध्यांची किंमत मोजावी लागते. जे थंडीत चपळ, ते उष्णतेत लवकर उसवतं. बार्शीच्या मे महिन्यातल्या भर दुपारी कोल्वेलियाला बाहेर ठेवलं तर त्याला मारायला अतिनील किरणांची गरजच पडणार नाही.

मराठी माणसाच्या जवळचा या विषयातला प्रसंग २००५ चा. हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथून २० एप्रिलला इस्रोने एक फुगा सोडला. पुण्याच्या आयुकाचे जयंत नारळीकर प्रकल्पाचे प्रमुख, यू. आर. राव आणि पुष्पमित्र भार्गव मार्गदर्शक, आणि जीवशास्त्राची बाजू हैदराबादच्या सीसीएमबीचे एस. शिवाजी व पुण्याच्या एनसीसीएसचे योगेश शौचे यांच्याकडे. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक पोलादी नळ्यांत गोठवून खाली आणली. तिथे गारठाही आहे आणि ओझोनने न गाळलेलं ऊनही. २००९ मध्ये जाहीर झालं की त्यातून बारा जिवाणू आणि सहा बुरशींच्या वसाहती वाढल्या आणि तीन जिवाणूंच्या जाती नव्या निघाल्या. नावं ठेवली जॅनिबॅक्टर हॉयली (नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांच्यावरून), बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. तिन्ही जवळच्या भाऊबंदांपेक्षा अतिनील किरणांत जास्त तगतात असंही सांगितलं गेलं. जीव आकाशातून आला का, हा हॉयल-नारळीकरांचा लाडका प्रश्न. मात्र हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असं सिद्ध होत नाही, हे इस्रोने त्याच वेळी सांगितलं. बातम्यांना ते वाक्य फारसं आवडलं नाही.

पुढची गोष्ट मला जास्त गमतीची वाटते. आभाळात नामकरण झालेला आर्यभट्टाय पुढे जमिनीत जागोजाग सापडू लागला; मध्य भारतातल्या काळ्या मातीत, सोयाबीनच्या मुळांशीसुद्धा. तिथे तो जस्त विरघळवून पिकाला देतो. म्हणजे ज्याला आपण आभाळातला पाहुणा समजत होतो, तो आमच्यासारख्याच सोयाबीनच्या रानातला रानगडी निघाला. वाऱ्याने वर जाऊन आला असेल. त्याला तिथे तगायला परग्रहाचं रक्त लागलं नाही.

इथे नेहमीचा प्रश्न येतोच: याचा आम्हाला उपयोग काय? आणि नेहमीचं उत्तरही तयार असतं: क्रीम. माणसात फोटोलायेज नाही. कांगारूत आहे, माशांत आहे, बेडकात आहे. आपण, उंदीर, गाय, म्हणजे वार असलेले सगळे सस्तन प्राणी, ते गमावून बसलो. आपले पूर्वज डायनासोरांच्या काळात रात्री फिरणारे होते, उजेडाचा गवंडी त्यांच्या कामाचा उरला नाही, असा एक तर्क आहे. तेव्हा जिवाणूचं एन्झाइम बाहेरून कातडीला लावलं तर? लावून पाहिलं आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरलेलं फोटोलायेज माणसाच्या कातडीवर लावून वर प्रकाश दिला, तर अतिनील घावांपैकी ४० ते ४५ टक्के घाव नाहीसे झाले. उरुग्वेच्या संशोधकांनी अंटार्क्टिकातल्या हायमेनोबॅक्टरचं फोटोलायेज प्राण्यांच्या पेशींवर वापरून पाहिलं. अशी क्रीमं काही देशांत दुकानात मिळतातही. ज्यांची स्वतःची दुरुस्तीच जन्मजात मोडलेली आहे अशा मुलांसाठी हे मोलाचं आहे. झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा तो आजार. त्यात ऊन लागलं की कातडीचे कर्करोग होत राहतात, आणि दोष दुरुस्तीत आहे हे जेम्स क्लीव्हरने १९६८ मध्ये दाखवलं. पण बार्शीच्या बाजारात हे क्रीम कुणी विकायला आणलं, तर मी म्हणेन, थांबा. इथल्या सावळ्या कातडीला मेलॅनिनचा आडोसा आहे आणि इथल्या माणसाला मारणाऱ्या कर्करोगांत कातडीचा नंबर फार खाली. हे मी अंदाजाने सांगत नाही. बार्शीने ते मोजलेलं आहे.

त्या मोजणीकडे वळण्याआधी दुरुस्तीतल्या आणखी एका माणसाची गोष्ट. अझीझ सँजार यांना २०१५ मध्ये दोघांबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते दुरुस्तीच्याच कामासाठी. तुर्कस्तानातल्या सावुर नावाच्या लहान गावचे, आई-वडील निरक्षर. डॉक्टर होऊन गावाकडे दवाखाना केला आणि मग अमेरिकेत जाऊन रूपर्टकडे फोटोलायेजवर कामाला लागले. पुढे, कुठेच जागा मिळेना म्हणून, येल विद्यापीठात प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची नोकरी पत्करून त्यांनी दुसरी यंत्रणा उलगडली: घाव असलेला तुकडा दोन्हीकडून कापून काढायचा आणि नवा बसवायचा. ही यंत्रणा आपल्यातही आहे, आणि फोटोलायेज गेल्यानंतर उन्हाच्या बाबतीत आपली सारी भिस्त हिच्यावर. गावातल्या दवाखान्याने त्यांना काय शिकवलं असेल कुणास ठाऊक. पण रोग उशिरा आलेला पाहणं हा प्रत्येक गावाकडच्या डॉक्टरचा अनुभव असतो.

तो बार्शीचाही होता. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय इथे उभं राहिलं, आणि डॉ. बी. एम. नेने, मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली: बार्शी, परंडा, भूम हे तीन तालुके, ३४६ गावं. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांची रजिस्टरं चाळणं. इथे ते चालण्यासारखं नव्हतं, कारण रुग्ण रुग्णालयात येतच नव्हता, पोटात गाठ घेऊन घरीच मरत होता आणि नोंद व्हायची “आजाराने वारला.” म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. लक्षणं सांगायची, कुणाला अंगावरून अवेळी जातं का, तोंडातला चट्टा बरा होत नाही का, ते विचारायचं, तपासणीला या म्हणायचं. मोजण्यासाठी निघालेली ही माणसं मोजता मोजताच काहीतरी बदलत गेली. काही वर्षांत दिसलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. एकही नवं यंत्र न आणता. अंधारात घाव धरून बसणाऱ्या त्या दहा-वीस रेणूंची मला आठवण होते ती इथे.

बायकांमध्ये सुरुवातीच्या त्या वर्षांत हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता, आणि त्याचं कारण ऊन नव्हे तर एचपीव्ही हा विषाणू. तरी गोष्ट दुरुस्तीचीच आहे. डीएनएला इजा झाली की पेशीतलं पी-५३ नावाचं प्रथिन काम थांबवतं: आधी दुरुस्ती, मग विभाजन, जमत नसेल तर पेशीने मरावं. एचपीव्हीचं एक प्रथिन या मुकादमालाच मोडीत काढतं. मग चुका साठत जातात, दहा-पंधरा-वीस वर्षं. एवढा अवधी मिळतो. म्हणजे बाहेरून कुणी वेळेत पाहायला आलं तर आतल्या मोडलेल्या मुकादमाचं काम बाहेरून करता येतं.

ते कसं करावं, हे ठरवायला तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून जगातल्या मोठ्या चाचण्यांपैकी एक झाली: बार्शीचं रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार गट. एका गटाला एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्याला पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्याला व्हिनेगरचं पातळ आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पांढरा डाग शोधणं, आणि चौथ्याला नेहमीचंच, म्हणजे काही नाही. बहुतेकांची पैज व्हिनेगरवर असती. स्वस्त, यंत्राशिवाय, नर्सबाईंना शिकवता येण्याजोगं. गरीब देशाला साजेसं, असं म्हणतात तसं. तमिळनाडूत दिंडिगलला त्याने मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी केले होते. पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्येही ३१ टक्के कमी झाले. पण उस्मानाबादेत २००९ चा निकाल असा लागला की व्हिनेगर आणि काचपट्टी या दोन्ही गटांत मृत्यूंमध्ये ठाम म्हणावी अशी घट नाही. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मात्र मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. जी महागडी, प्रयोगशाळेतली, आपल्याला परवडायची नाही असं वाटत होतं, ती खेड्यात चालली. डोळ्यांनी पाहणं हे पाहणाऱ्या डोळ्यावर अवलंबून असतं, आणि तो डोळा दर गावी, दर दिवशी तसाच राहत नाही. यंत्र थकत नाही, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. मला यातली महत्त्वाची गोष्ट दुसरीच वाटते. गरिबाला साजेसं काय हे दिल्लीत, मुंबईत किंवा दिंडिगलात बसून ठरत नाही. थंडीतलं एन्झाइम उन्हात उसवतं, हे एन्झाइम पाहूनच ओळखता येत नाही. उन्हात ठेवून पाहावं लागतं.

या चाचणीवर एक आक्षेप आहे आणि तो मी बाजूला सारणार नाही. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांची तपासणी झाली नाही आणि त्यांच्यातल्या ६४ जणी या आजाराने गेल्या. एचपीव्ही गटात ३४,१२६ पैकी ३४ गेल्या. कर्करोगाची ही वाट अडवता येते हे पाश्चात्त्य देशांत कधीच माहीत झालेलं असताना तपासणीशिवायचा गट ठेवणं नीतीला धरून होतं का, असं परदेशातल्या एका पॅथॉलॉजिस्टने जाहीरपणे विचारलं, आणि त्यावर बराच वाद झाला. चाचणी करणाऱ्यांचं म्हणणं, भारतात तेव्हा सर्वांसाठी तपासणीची व्यवस्थाच नव्हती. त्या बायकांना देशातल्या इतर बायकांइतकंच मिळालं. हे उत्तर मला पटत नाही, पण खोटंही म्हणता येत नाही. त्यातली बोचणारी गोष्ट अशी, की त्या हिशेबाने उरलेला सगळा देशच चौथ्या गटात होता, फक्त त्याचे मृत्यू कुणी मोजत नव्हतं.

पुढे काय झालं? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही चाचणीच सुचवली. उस्मानाबादच्या बायकांचे आकडे जगभर वाचले गेले. आपल्या केंद्र सरकारने २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात निवडलं ते व्हिनेगर, ३० वर्षांपुढच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी. ठीक आहे, स्वस्त आहे, आणि काही ठिकाणी त्याने जीव वाचवले आहेत. पण निवड केल्यावर माळवदावर कुणीतरी चढावं लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, की तुमची गर्भाशयमुखाची तपासणी आजवर एकदा तरी झाली आहे का. हो म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के.